एकेचाळीस किलो

१० ऑक्टोबर, मंगळवार

पोचलो एकदाचा. नाशिकहून शहादा एसटीने, तिथून पुरुषोत्तमनगरच्या पुढे रिक्षाने आणि शेवटचा तुकडा ट्रॅक्टरवर, उसाच्या बेण्यावर बसून. इतक्या थाटात मी आजवर कुठल्याच कामावर रुजू झालो नव्हतो. पँटला उसाची कूस चिकटलीय, ती अजून टोचतेय.

खांडसरी म्हणजे साखर कारखान्याचं धाकटं भावंड. मालक चुनीलालभाई पाटील, बोलायला मोकळे आणि चहा पाजायला त्याहून मोकळे. त्यांच्या उसाच्या गाड्या ज्या वजनकाट्यावर तोलल्या जातात त्याचा संगणक तीसेक वर्षांपूर्वीचा आहे. दिवाळीनंतर गाळप सुरू व्हायच्या आत तो काढून मला नवा बसवायचाय. खोली फुकट, जेवण दगूबाईंच्या हातचं. मला अशी जुनी यंत्रं उघडून बसायला मनापासून आवडतं. योगिता म्हणते, तू भंगारवाल्याचा जावई शोभला असतास. ती आणि जुई दसऱ्याला इकडे येतील. जुई आठ महिन्यांची झाली, नुकती आधाराशिवाय बसायला लागली, आणि नेमका मी निघून आलो. वाईट वाटतंय.

खोलीतली खाट लोखंडी अँगलची आहे, खाली जागोजागी वेल्डिंग करून टेके दिलेली. इथे हत्ती झोपवता का, असं मी काटाबाबूंना विचारलं. काटाबाबू म्हणजे धुडकूबाबा, काटा बसला तेव्हापासून तेच वजन करतात. ते हसले नाहीत. म्हणाले, "आठे लाकडानी खाट टिकत नही, भाऊ. मोडी जास."

इथल्या माणसांची आणखी एक गंमत. कुणालाही हाक मारा, तो आधी डाव्या खांद्यावरून मागे बघतो आणि मग तुमच्याकडे. चुनीलालभाई तसे, धुडकूबाबा तसे, दगूबाईही तशाच. ट्रॉल्या मागे घेता घेता सवय जडली असेल, असं मी ठरवून टाकलं. दगूबाई कधी ट्रॉली चालवतात, ते मात्र विचारायचं राहिलं.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

आज खजिनाच सापडला. काट्याच्या केबिनमधल्या संगणकाची हार्ड डिस्क काढून माझ्या लॅपटॉपला जोडली. त्यातला एकेक प्रोग्राम मूळ मापापेक्षा मोठा निघाला, आणि प्रत्येक जण नेमका तेवढ्याच मापाने. डिस्क परत जुन्या संगणकात घालून तीच मापं काढली, तर सगळी बरोबर! मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. फायलींना लागणारा जुना व्हायरस, आम्ही फक्त पुस्तकात वाचलेला, इथे अजून जिवंत आहे.

संध्याकाळी चुनीलालभाईंना ओसरीवर बसून समजावून सांगितलं. हा व्हायरस प्रोग्रामच्या शेवटी शेपटासारखा चिकटतो. मग प्रोग्रामच्या सुरुवातीचा तुकडा काढून त्या जागी एक हुकूम लिहितो, की आधी मागे जा. काढलेला तुकडा तो शेपटात जपून ठेवतो. तुम्ही प्रोग्राम चालू केला की तो आधी मागे जातो, शेपूट जागं होतं, संगणकाच्या मेमरीत ठाण मांडतं, आणि मग प्रोग्रामला त्याची मूळ सुरुवात परत देऊन कामाला लावतं. काम नेहमीसारखं होतं, त्यामुळे कुणाला संशय येत नाही. त्यानंतर जो जो प्रोग्राम उघडाल, त्याला तसंच शेपूट लागतं. फ्लॉपी दुसऱ्या संगणकात गेली की तिथेही तेच. आणि हा तर पक्का लबाड आहे. तो जागा असताना कुणी माप विचारलं, तर स्वतःला वजा करून सांगतो. तो दिसतो फक्त बाहेरच्या यंत्रावरून.

चुनीलालभाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पण काटा चाली ऱ्हायना ना?" काटा चालतोय, हे मला कबूल करावं लागलं. त्यांच्या दृष्टीने विषय तिथेच संपला.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

केबिनचा पत्रा हाताला लागला, म्हणून गावातल्या उपकेंद्रात धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. तिथल्या नर्स प्रिस्किला सिस्टर, नवापूरकडच्या, खांडबाऱ्याजवळच्या. त्यांच्याकडे सरकत्या वजनांचा, जुन्या पद्धतीचा लोखंडी काटा आहे. सहज उभा राहिलो, अडुसष्ट भरलो. दगूबाईंच्या भाकऱ्या अंगी लागल्या म्हणायच्या.

सिस्टर म्हणाल्या की हा काटा काही लोकांना बरोबर दाखवतो आणि काही लोकांना चूक. असं कसं होईल, म्हणून मी हसलो. त्या हसल्या नाहीत. खांडसरीच्या चाळीतली बाळं उशिरा बसतात, उशिरा चालतात, असंही म्हणाल्या. कुपोषण म्हणून नोंद होते, पण खाण्यात काही कमी नाही.

२३ ऑक्टोबर, सोमवार. खंडेनवमी

योगिता आणि जुई काल आल्या. जुई खोलीच्या मधोमध बसते आणि दोन्ही हातांनी जमीन बडवते. मी बडवली की तिला ती थट्टा वाटते. दिवसभर आम्ही दोघं जमीन बडवत होतो.

आज काट्याची पूजा झाली. झेंडूचं तोरण, कुंकू, नारळ. केबिनच्या भिंतीत एक देवळी आहे, तिच्यात काट्याची मूळ फ्लॉपी ठेवलेली असते. ती आज बाहेर निघते. धुडकूबाबांनी तिला हळदकुंकू वाहिलं, संगणकात घातली आणि त्यातला एकेक प्रोग्राम उघडून बंद केला. मग तीच फ्लॉपी ऑफिसच्या संगणकात, मग गोदामाच्या. मी कपाळावर हात मारून घेतला. म्हटलं, बाबा, रोग पसरवायची याहून सोयीची रीत मी पाहिली नाही. ते शांतपणे म्हणाले, "आजना दिन बठा हत्यारं एकदाव तरी चालाले जोयजेत, भाऊ." सगळी हत्यारं एकदा तरी चालवायची, काटा बसला त्या वर्षापासून हे असंच चालू आहे.

त्यानंतर काट्यावरून सगळं ओळीने गेलं. ट्रॅक्टर, बैलगाड्या, मोटारसायकली, मग माणसं, बायका, कडेवरची पोरं. वर्षातून एकदा काट्याने तोललं की वर्ष बरं जातं, अशी इथली समजूत. मलाही हाताला धरून उभं केलं. अडुसष्टच्या जागी सत्तर दाखवलं, कारण हा काटा पाचाच्या पटीत सांगतो. जुई झोपली होती, म्हणून योगिता तिला घेऊन आली नाही.

२५ ऑक्टोबर, बुधवार

दोन गोष्टी लिहून ठेवतो. दोन्हींची मला मजा वाटायला हवी होती.

सकाळी आम्ही दोघं मागच्या शेताच्या बांधावर फिरायला गेलो. रात्री पाणी सोडलेलं होतं, काळी जमीन ओली. परत येताना योगिता थांबली आणि खाली बघायला लागली. तिच्या पावलांचे ठसे साधे होते. माझे घोट्यापर्यंत रुतलेले. बाजूला चाळीतल्या माणसांची पावलं होती, तीही माझ्यासारखीच. योगिता म्हणाली, काय रे हे, एवढं काय खातोस इथे?

दुसरी गोष्टही तिनेच सांगितली. हाक मारली की मी आधी मागे बघतो म्हणे, डाव्या खांद्यावरून. तिला वाटलं मी इथल्या लोकांची नक्कल करतोय. मी हो म्हणालो. मी करत नव्हतो.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

गेल्या हंगामातल्या बगॅसची एक ट्रॉली इथे तोलून शहाद्याला गेली होती. बगॅस म्हणजे उसाचं चिपाड. तिथल्या काट्यावर ती चाळीस किलो जास्त भरली. ड्रायव्हर म्हणाला, नेहमीच भरते, त्यात काय.

त्यात काय? इथल्या काट्यावर बरोबर आणि बाहेरच्या काट्यावर जास्त. आधी मागे बघायचं आणि मग पुढे. चुनीलालभाईंना ओसरीवर मीच तर हे सगळं शिकवलं होतं. मी एक मूर्खासारखी गोष्ट मनात धरून बसलोय. योगिताला सांगायची लाज वाटते, आणि भीतीही वाटते.

म्हणून आज कामच उरकलं. जुनी व्हायरस काढायची फ्लॉपी माझ्याकडे आहे. काट्याचा संगणक चालूच होता, त्यात घातली, सगळ्या फायली एकेक करून तपासल्या. पडद्यावर आलं, व्हायरस सापडला नाही. धुऊन निघालं असेल, असं वाटलं. तरी मनाची खात्री हवी, म्हणून योगिताला जुईला घेऊन काट्यावर उभं केलं. ती म्हणाली, वेडा झालास का? पण उभी राहिली. पडद्यावर आलं साठ. दोघींचं मिळून हवं तेवढंच, पाचाच्या पटीत. माझ्या जिवात जीव आला. संध्याकाळी जुईबरोबर खूप वेळ जमीन बडवली.

२८ ऑक्टोबर, शनिवार

दुपारी जुईची झोळी फाटली.

नवं पातळ, दुहेरी घातलेलं. योगिता झोका देत होती. टर्रकन फाटलं आणि जुई खाली, गोधडीवर. लागलं नाही. रडली, गप्प झाली. मी धावत आलो आणि हाक मारली, जुई!

तिने आधी मागे बघितलं. डाव्या खांद्यावरून. तिथे भिंत आहे. मग वळून माझ्याकडे बघून हसली.

उचलून घेतली. हाताला नेहमीसारखीच लागते. हेच भयंकर आहे, की हाताला नेहमीसारखीच लागते.

उपकेंद्रात नेली. प्रिस्किला सिस्टरनी टोपलीत ठेवून दांडी सरकवली. साडेअठ्ठेचाळीस. जुई आठवड्यापूर्वी नाशिकला साडेसात किलो होती. सिस्टरनी नोंदवही मिटली. मग म्हणाल्या, खांडसरीच्या माणसांचं वजन असंच येतं. दर वेळी एकेचाळीस किलो जास्त. सुरुवातीला त्या खरं लिहायच्या, तर तालुक्याहून कागद परत यायचे, काटा बदलूनही दिला. शेवटी त्या एकेचाळीस वजा करून लिहायला लागल्या. आठ वर्षं. त्या रडत होत्या. मला म्हणाल्या, दादा, मला वाटलं काटाच खराब आहे.

माझं वजन केलं. एकशे नऊ.

२९ ऑक्टोबर, रविवार

आता समजलं. किती उशिरा समजलं.

चालू संगणकावर बसून व्हायरस काढू नये, हा पहिला धडा. तो जागा असतो. तपासणाऱ्या फ्लॉपीने ज्या ज्या फायलीला हात लावला, त्या प्रत्येक फायलीला तो चिकटला, आणि विचारलं तेव्हा म्हणाला, इथे कुणी नाही. मी तपासत नव्हतो, मी लावत होतो. आणि मग मी माझ्या हाताने जुईला त्या काट्यावर ठेवलं. खात्री करायला!

बाप आहे मी. खंडेनवमीला ती झोपली होती म्हणून वाचली होती. तपासून तपासून मी तिला दिलं.

आज ती बसली नाही. बसवली की हळूच आडवी होते. श्वास खालून ओढून घेतल्यासारखा. एकेचाळीस म्हणजे एखाद्या अशक्त बाईचं वजन. साडेसात किलोच्या लेकरावर. हे लिहायला नको होतं.

३१ ऑक्टोबर, मंगळवार

योगिताला सगळं सांगितलं. तिने विश्वास ठेवला नाही. मग मी तिला नुसती हाक मारायला सांगितली. तिने जुईला हाक मारली आणि जुईने कुठे बघितलं ते तिने पाहिलं. मग मी योगिताला हाक मारली.

तिच्याही नकळत तिची मान वळली. तिला ते कळलं, आणि ती खाली बसली.

नाशिकला निघून जायचं म्हणते. जाऊन काय? ते बरोबरच येईल. आधी काढायचं, मग जायचं. वाद झाला. ती थांबली.

काढायचं कसं ते मला माहीत आहे. स्वच्छ फ्लॉपी हवी, तिच्या कोपऱ्यातली खिडकी उघडी ठेवायची म्हणजे तिच्यावर काही लिहिलं जात नाही. संगणक पूर्ण बंद करायचा. त्या फ्लॉपीवरून सुरू करायचा, म्हणजे तो जागाच होत नाही. मग शेपटं कापायची. माझा तर्क असा, की काट्याने लावलं तर काटाच काढेल. कापणारा प्रोग्राम चालू असताना माणूस काट्यावर उभा करायचा. पण कळफलकाला ज्याला लागलंय त्याने हात लावायचा नाही. मी नाही, बाबा नाही. फक्त प्रिस्किला सिस्टर. खंडेनवमीला त्या दर वर्षी गावी जातात, त्या काट्यावर कधी उभ्या राहिल्याच नाहीत.

धुडकूबाबांना सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. म्हणाले, खांद्यामांगे कोणी तरी शे, हाई माले पहिलापासून माहीत शे. मग म्हणाले, "लेकरूवर पहिले नको करू. मावर कर."

१ नोव्हेंबर, बुधवार

धुडकूबाबा काट्यावर उभे राहिले. भर दुपार. सिस्टरनी बटण दाबलं.

काट्याचा लोखंडी फळा कण्हल्यासारखा वर आला. बाबांच्या टाचा इतकी वर्षं जणू रुतलेल्या होत्या, त्या हलक्या झाल्या, हे डोळ्यांना दिसलं. मी आनंदाने ओरडलो, बाबा!

मागे बघितलं नाही. पुढेही नाही. श्वास चालू, डोळे उघडे. पण बाबा सुरूच होत नाहीत. हलवलं, पाणी मारलं. दगूबाई छाती बडवत आल्या. चुनीलालभाईंनी गाडी काढली, नंदुरबारला नेलं. डॉक्टर म्हणतात झटका असेल.

झटका नाही. मी विसरलो. सुरुवातीचा तुकडा शेपटात असतो. तो आधी जागेवर ठेवायचा आणि मग कापायचं. मी नुसतं कापलं. बाबांची सुरुवात शेपटाबरोबर गेली. आता कुठून आणू?

३ नोव्हेंबर, शुक्रवार

दोन दिवस प्रोग्राम दुरुस्त करतोय. मी सांगतो, सिस्टर टाइप करतात. आधी तुकडा वाचायचा, मग जागेवर ठेवायचा, मगच कापायचं. गोदामाच्या संगणकातल्या फायलींवर करून बघितलं. सगळ्या चालल्या. पण फायली म्हणजे माणसं नव्हेत.

पुस्तकात लिहिलंय, सगळ्यात सुरक्षित उपाय म्हणजे लागण झालेली फाइल पुसून टाका आणि मूळ डिस्कवरून पुन्हा घ्या. मी ते वाचलं आणि पुस्तक फेकून दिलं. जुईची मूळ डिस्क कुठे आहे?

आज तिने दूध अर्धंच घेतलं. ओठ निळसर. सिस्टर म्हणाल्या, थांबण्यात अर्थ नाही. बरगड्या कच्च्या आहेत, दादा.

५ नोव्हेंबर, रविवार

सिस्टर सकाळची प्रार्थना करून आल्या. मी कुठल्या देवाला सोडलं नाही, सगळ्यांची नावं घेतली.

आधी योगिता. ती म्हणाली, माझं काही झालं तर जुईवर करू नकोस. बटण दाबलं. मी हाक मारली. तिने — सरळ माझ्याकडे बघितलं.

मग जुई. टोपलीत, काट्याच्या मधोमध. एवढ्या मोठ्या लोखंडावर एवढीशी टोपली. बटण.

जुई, म्हटलं.

सरळ माझ्याकडे. आधी माझ्याकडे! उपकेंद्रात साडेसात किलो. थोडी कमीच. दुपारी बसली. जमीन बडवली. मी ओक्साबोक्शी रडलो, योगिताही. इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

६ नोव्हेंबर, सोमवार

दोघींना नाशिकच्या गाडीत बसवलं. मी लांब उभा राहिलो, हात लावला नाही. माझं काढलं की दिवाळीला येतो म्हणालो.

दुपारी मी काट्यावर. सिस्टर आत. बटण दाबल्याचा आवाज आला. फळा खूप वर आला. बाबांच्या वेळेपेक्षा वर.

सिस्टरनी हाक मारली. मी सरळ बघितलं. मग झालं ना?

मग त्या अशा का बघतायत?

७ नोव्हेंबर, मंगळवार

उपकेंद्र. दांडी सरकवली. परत सरकवली.

एकेचाळीस.

एकशे नवातून एकेचाळीस जायला हवे होते. अडुसष्ट राहायला हवे होते. अडुसष्ट गेले. एकेचाळीस राहिले.

सिस्टर भिंतीला चिकटून दारापर्यंत गेल्या. म्हटलं, सिस्टर, मी भूपेश. मला सगळं आठवतं. जुईचं जावळ, योगिताचा आवाज, पँटला लागलेली कूस. सगळं. त्यांनी दाराची कडी काढली.

सगळं आठवतं म्हणजे मी मीच ना? प्रोग्रामची सुरुवातही शेपटातच जपलेली असते.

८ नोव्हेंबर

सिस्टर खांडबाऱ्याला गेल्या. उपकेंद्राला कुलूप. दगूबाई ताट दारात ठेवून पळतात. भाकरीला चव नाही. ओल्या मातीत चाललो. ठसे साधे. पण पाच-सहा पावलांवर माझ्या शेजारी — नको.

व्हिडिओ कॉल केला. जुईला हाक मारली. सरळ बघितलं. बरी आहे. बरी आहे माझी पोर.

९ नोव्हेंबर

सकाळी कॉल. सरळ. दुपारी कॉल. सरळ. पुन्हा केला. खात्री हवी. पुन्हा. योगिता म्हणाली, सारखं सारखं काय तपासतोस रे, तिला बसू दे. म्हटलं एकदाच. शेवटचं.

शेवटच्या वेळी थोडी — थोडी उशिरा बघितली. नेटवर्क असेल. इथे नेहमीच नेटवर्क —

मी तपासतोय. परत तपासतोय मी —

१० नोव्हेंबर

ठरवलं होतं नाही करायचा. केला.

जुई. जुई, इकडे बघ.

तिने मागे बघितलं. डाव्या खांद्यावरून. हसली. म्हणाली, बाबा.

पहिला शब्द तिचा. मी समोर, फोनवर. ती मागे बघून —

फोन बंद केलाय. भिंतीवर आपटलाय. तरी दिसते. समोरून नाही. मागून. मानेवरचं जावळ, घामाने चिकटलेलं. अगदी जवळ. आणि धुडकूबाबांची मान, दवाखान्यातली. चुनीलालभाईंची. सगळ्यांच्या माना. पण तिची सगळ्यात जवळ —

योगिता वाकलीय. उचलतेय. उचलली जात नाही. योगिता घाबरलीय. योगिता, ओढू नकोस तिला, दुखेल, मी धरलंय, मलाच सोडता येत —